व्याह्यांनी पाठवलेलं जग

जगात जे जे म्हणून विचित्र, बिनकामाचं आणि कुणीही कुणाला न विचारलेलं आहे, ते सगळं आमच्या व्याह्यांच्या फोनवरून निघतं आणि माझ्या फोनवर येऊन पडतं. ह्यात मी तिळमात्र वाढवून सांगत नाही. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे मला दात घासताना कळलं. पावाच्या पिशवीला लावायचे प्लॅस्टिकचे चिमटे गोळा करून त्यांच्या जाती-पोटजाती ठरवणारी मंडळी ह्या भूतलावर आहेत, हे मला एका मुंजीच्या पंगतीत, उजवा हात वरणभातात असताना कळलं. उंट पाणी कुठे साठवतो, किंवा खरं म्हणजे कुठे साठवत नाही, मध का नासत नाही, केळं हे शास्त्राप्रमाणे कुठल्या गटात बसतं आणि स्ट्रॉबेरी त्या गटात का बसत नाही, ह्या सगळ्याची मला आता इत्थंभूत माहिती आहे. माझ्या वयाच्या माणसाला साखर किती, दाब किती आणि पेन्शन जमा झाली का, एवढी माहिती पुरते. बाकीची ठेवायला डोक्यात जागाच उरलेली नसते. पण व्याह्यांना हे सांगणार कोण?

व्याही म्हणजे माझ्या एकुलत्या एका मुलीचे, प्राजक्ताचे सासरे. मिऱ्याला समुद्राकडे तोंड करून त्यांचं घर आहे. विहीणबाई लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घरात ते एकटेच. आयुष्यभर मालवाहू बोटींवर सुकाणी होते, म्हणजे कप्तान सांगेल तसं बोटीचं चाक फिरवायचं काम. त्या काळात ते सुट्टीवर आले की त्यांच्या ट्रंकेभोवती अख्खी वाडी जमायची म्हणे. उलटं चालणारं घड्याळ, तळहाताएवढी छत्री, शिट्टी मारली की मान हलवणारा पोपट, असल्या वस्तू त्यातून निघायच्या. कुणाच्याही त्या कधी उपयोगी पडल्या नाहीत, पण नाही कुणी म्हटलं नाही. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, बोट सुटली, ट्रंक माळ्यावर गेली आणि मुलाने हातात फोन दिला. तेव्हापासून त्यांना रोज नवं बंदर लागतं. ट्रंकेचं एक बरं होतं, ती वर्षातून एकदाच उघडायची. आणि ह्या सगळ्याचं मुख्य गिऱ्हाईक मी! पाटबंधारे खात्यात माझी हयात गेली. आलेला कागद पुढे सरकवायची मला सवय होती, पण तो वाचायची वेळ माझ्यावर नोकरीत कधी आली नव्हती. ती निवृत्तीनंतर आली.

आता कुणी म्हणेल, एवढा त्रास होतो तर फोनमध्ये त्यांचा आवाज बंद करून टाकायचा. शेजारच्यांचा करता येतो, मेव्हण्यांचा करता येतो, सख्ख्या भावाचा तर मी केलेलाच आहे. पण व्याह्यांचा? मुलगी देताना आम्ही मानाचा नारळ दिला, पोशाख दिला आणि त्यासोबत, मला आता असं वाटतं, त्यांचं प्रत्येक म्हणणं हसतमुखाने ऐकून घ्यायचं वचनही कधीतरी नकळत देऊन बसलो. मी एकदा बंड करायचं ठरवलं होतं. घरात नुसतं बोलून दाखवलं. माझी बायको नारळ खवत होती. ती खवणीवरून न उठता म्हणाली, "मुलीचे सासरे आहेत. एके काळी सासरे काय काय मागायचे, आठवतंय ना? हे बिचारे मागत काही नाहीत, उलट पाठवतात. चांगलं आहे म्हणा आणि गप्प बसा." चांगलं आहे म्हणायला माझी हरकत नव्हती. पण नुसतं चांगलं आहे म्हणून व्याह्यांकडे सुटका नसते, हे तिला ठाऊक नव्हतं.

कारण व्याह्यांची पाठवण्याची एक पद्धत आहे आणि ती त्यांनी बोटीवरून आणलेली आहे. बोटीवर कप्तानाने हुकूम दिला की सुकाण्याने तो मोठ्याने जसाच्या तसा परत म्हणायचा, मग चाक फिरवायचं आणि फिरवून झालं की पुन्हा तसं सांगायचं. नुसती मान डोलवली तर बोट खडकावर. ही शिस्त व्याह्यांनी माझ्यावर लावली. आधी त्यांचा फोन येतो, "व्याही, एक पाठवतोय हां." मग ते येतं. मग परत फोन येतो, "आलं काय?" आलं म्हटलं की थोडा वेळ शांततेत जातो आणि चहाचा कप तोंडाला लावणार एवढ्यात तिसरा फोन, "उघडलात काय? मग सांगा बघू काय होतं ते!" एकदा मी न उघडताच "वा, वा, फारच सुंदर" म्हणून मोकळा झालो. मग अतिशय गंभीर स्वरात प्रश्न आला, "सुंदर काय त्यात? माणूस मेला ना शेवटी!" त्यानंतर मी प्रत्येक गोष्ट शेवटपर्यंत वाचतो. शाळेत इतिहासाच्या पेपरला मी एवढी तयारी केली असती तर पाटबंधारे खात्यात गेलो नसतो.

बरं, एखाद्या गोष्टीत ते अडकले की तिथून निघत नाहीत. परदेशातल्या कुठल्याशा खेड्यात करकोच्याच्या घरट्यावर कुणीतरी कॅमेरा लावून ठेवला आहे आणि जगातल्या कुणालाही ते घरटं केव्हाही बघता येतं. व्याह्यांना ते सापडलं आणि त्या वर्षीचा अख्खा उन्हाळा आम्ही करकोच्याच्या संसारात घालवला. आमच्याकडे कलमांवरचे आंबे उतरवायला माणसं आलेली, अंगणात पेंढा पसरलेला, मी घामाने निथळतोय आणि ह्यांचा फोन. "व्याही, धाकट्या पिल्लाने सकाळपास्नं काय खाल्लान नाय हो." मी म्हटलं, "आईने आणलं नसेल." तर म्हणाले, "आणलान ना! मोठ्याने ओढून घेतलान. तुम्ही बघा, बघा तुम्ही, मला बघवत नाय." मग मी आंब्यांच्या ढिगाशेजारी उभा राहून, त्या परक्या पिल्लाला घास मिळेपर्यंत ते बघितलं. सांगायला लाज वाटते, पण मिळाला तेव्हा मलाही बरं वाटलं. वरून गडी ओरडत होता तिकडे माझं लक्ष नव्हतं आणि आंब्यांनी भरलेली झेल्याची जाळी माझ्या खांद्यावर येऊन आदळली.

दुसऱ्या एका मे महिन्यात आमची विहीर आटली. कातळातली विहीर, तळाला नुसता चिखल. टँकरची वाट बघत मी रहाटाशी डोकं धरून बसलो होतो, तर व्याही रिक्षातून उतरले ते फोन पुढे धरूनच. आपल्या घराखालून थेट भोक पाडत गेलं तर पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला आपण कुठे निघू, ते दाखवणारा नकाशा त्यांना मिळाला होता. त्यांनी माझ्या घरावर बोट ठेवलं, नकाशा उलटा झाला आणि पडद्यावर निळंशार काहीतरी आलं. "बघा! भर महासागर! व्याही, तुम्ही नुसते खणत राहा, पाणी लागल्याशिवाय राहत नाय!" असं म्हणून ते इतके मनापासून हसले की टँकरवालाही हसला. मी हसलो नाही. मी त्यांना फक्त एवढंच विचारलं की ते खारं असेल ना. ह्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि दुसऱ्या दिवशी खाऱ्या पाण्याचं गोडं कसं करतात ह्याविषयी इतकं पाठवलं, इतकं पाठवलं, की माझा फोन तापला.

प्राजक्ताचं डोहाळजेवण आमच्या घरी झालं. झोपाळा फुलांनी सजवलेला, ती हिरव्या साडीत, भोवती वाडीतल्या बायका, ओट्या भरून झालेल्या आणि दोन वाट्या झाकून ठेवून तिला एक उघडायला सांगायची, पेढा निघतो की बर्फी, असा सगळा रंगात आलेला कार्यक्रम. पुरुषांनी बाहेर ओटीवर बसावं अशी रीत. व्याही बसलेही होते. पण अर्ध्या तासाने त्यांना राहवेना. ते दारात येऊन उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "ऐका गो सगळ्यांनी. समुद्रघोडा म्हणून मासा हाय. त्यात बाळंतपण नर करतो." बायकांनी माना वळवल्या. "मादी अंडी देते नि मोकळी होते. पुढचं पोट घेऊन फिरणं नि कळा काढणं सगळं त्याच्याकडे. हे बघा, फोटो हाय." मी ओटीवरून अंग चोरून ऐकत होतो आणि आता आपल्या घराण्याचं नाव वाडीत कसं निघणार ह्याचा विचार करत होतो. एवढ्यात आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, "आणा तो इकडे. आमच्यांना दाखवायचा हाय." मग तो फोन बायका-बायकांतून अशा काही हसण्या-खिदळण्यात फिरला की पेढा निघाला की बर्फी हे बघायचं सगळ्या विसरल्या. व्याही समाधानाने बाहेर येऊन बसले आणि मला म्हणाले, "तुम्ही वाचलात ना, मी सकाळी पाठवलंवतं ते?"

ह्या सगळ्यात त्यांचं एकच पाठवणं असं होतं की जे आम्ही तिघंही, मी, बायको आणि प्राजक्ता, कुणी न सांगता उघडायचो. माझा जावई, त्यांचा मुलगा, हाही बोटीवर. हा मात्र इंजिनात, शिकून गेलेला. जगातल्या सगळ्या बोटी समुद्रात कुठे आहेत ते दाखवणारा एक नकाशा असतो. व्याह्यांनी त्यावर मुलाची बोट हेरून ठेवली होती आणि रोज सकाळी पहिलं पाठवणं त्या बोटीचं असे. निळ्या पाण्यावर एक इवलासा ठिपका. तो काल कुठे होता, आज कुठे आहे, ह्यावर आमच्याकडे चहाच्या वेळी चर्चा व्हायची. प्राजक्ता पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती आणि जावयाचा करार संपत आला होता. पुढच्या एका बंदरात बदली माणूस चढला की हा उतरणार आणि बाळ यायच्या आत घरी पोचणार, असा हिशेब होता. मग कळलं की बदली माणूस मिळत नाही, अजून एक फेरी करावी लागेल. त्या दिवसापासून प्राजक्ता ठिपक्याकडे जरा जास्त वेळ बघू लागली, आणि तिच्या बाळाच्या येण्याआधी तो ठिपका किनाऱ्याला लागावा एवढीच आमच्या घरातली सगळ्यांची प्रार्थना होऊन बसली.

एके सकाळी बोट आली नाही. त्याऐवजी इतर माल आला आणि तोही असा की आजवरचं सगळं त्यापुढे काहीच नाही. उडता उडता झोपणारे पक्षी, काचेसारखे आरपार दिसणारे बेडूक, अख्खं गाव जमिनीखाली खोदून राहणारी माणसं. माझ्या फोनवर, बायकोच्या फोनवर आणि सगळ्यांत जास्त प्राजक्ताच्या फोनवर. तिने फोन करून विचारलं, "नाना, आज बोट नाही पाठवलीत?" तर म्हणाले, "ती साइट बिघडली हाय गो. होईल दुरुस्त. तू तो बेडूक बघ." आणि दुपारी स्वतः हजर. हातात पिशवी, पिशवीत मुडदुशी, पोटुशीला हलका मासा बरा म्हणून. ओटीवर खुर्ची ओढून बसले ते दिवेलागणीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवत होते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मुडदुशी, खुर्ची आणि जग. त्यांच्या आवाजाला बोटीवरच्या वाऱ्याची सवय, त्यामुळे दुपारची झोप हा विषय आमच्या घरातून संपला. बायकोसुद्धा, जिने मला एवढे दिवस व्याही-धर्म शिकवला, ती तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, पोरीला जरा पडू तरी द्यायला सांगा. नववा महिना आहे." शेवटी माझ्या डोक्यात तिडीक गेली. संध्याकाळी ते निघाले तसा मी त्यांच्या मागोमाग अंगणाच्या कडेच्या दगडी गडग्यापर्यंत गेलो. आज मानपान बाजूला ठेवून ह्यांना चार शब्द सुनवायचे असं ठरवून गेलो.

"व्याही," मी म्हटलं, "हे आता अति होतंय."

ते थांबले. गडग्याच्या चिऱ्यावर हात टेकून त्यांनी एक गुडघा सैल केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठिपका गेला हाय."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी फोन काढून दाखवलं. तोच नकाशा, तेच निळं पाणी आणि त्यावर काही नाही. "साइट बिघडलेली नाय. त्या टापूत चाच्यांचा धोका हाय. तिथून जाताना बोटी आपणहून खूण बंद ठेवतात, कुणाला दिसू नये म्हणून. तोवर फोनही लागत नाय. रीतच हाय ती. मी सुकाणी होतो व्याही, मला समजतं सगळं. पण सकाळी उठून उघडतो नि तिथे नुसतं पाणी दिसतं ना, तेव्हा मला काय म्हणजे काय समजत नाय." त्यांनी फोन खिशात ठेवला. "आमच्या वेळी ठिपका नव्हताच. नव्हता, म्हणून तो गेला असं कुणाला वाटायचं नाय. आता तुमच्या मुलीचा हात रिकामा राहिला की ती नकाशा उघडील. म्हणून मी रिकामा ठेवत नाय."

माझा राग गेला असं नाही. एवढे दिवस साठलेला राग असा एका वाक्याने जात नाही. पण तो आता कुणावर काढायचा तेच समजेना. मी म्हटलं, "उद्या जरा चारनंतर या. ती दुपारी झोपते." ते म्हणाले, "चारनंतर. बरं." आणि रिक्षात बसले.

आता प्राजक्ताला ह्यातलं काही कळू द्यायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पडवीत बसून भिजवलेले वाल सोलत होती. मी उगाच शेजारी जाऊन बसलो आणि माणसाला लपवता येत नसलं की तो जसा हवापाण्यावर बोलतो तसा बोलू लागलो. ती वाल सोलता सोलता शांतपणे म्हणाली, "बाबा, नानांनी तुम्हाला सांगितलं ना काल?" मी म्हटलं, "काय?" तर म्हणाली, "ठिपक्याचं. मी पहिल्याच दिवशी बघितलं. ज्यांचे नवरे बोटीवर आहेत अशा आम्हा बायकांचा एक ग्रुप आहे. तिथे सगळ्यांनी सांगितलं, त्या भागात बंदच ठेवतात, घाबरू नकोस." मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "अगं, मग त्यांना सांग की तसं! ते बिचारे तुझ्यासाठी घसा फोडून घेतायत." तिने एक वाल नखाने दाबून बाहेर काढला. "सांगितलं तर उद्यापासून यायचे नाहीत. मिऱ्याला घरात एकटे बसतील, समोर तोच समुद्र. इथे निदान वाचत तरी असतात. मी ऐकते, बाबा. मला काही त्रास होत नाही." आणि थोड्या वेळाने, वालाच्या सालांकडे बघत, "थोडा होतो. पण तो बेडकांचा नाही." एवढं बोलून तिचे डोळे भरले. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

म्हणजे माझी अवस्था अशी झाली की ह्यांनी तिच्यापासून लपवलंय हे मला ठाऊक, तिने ह्यांच्यापासून लपवलंय हेही मला ठाऊक आणि दोघांनाही मी सांगायचं नाही. आयुष्यभर पाणी अडवण्याचे नुसते कागद मी पाहिले होते. प्रत्यक्ष अडवायची वेळ आली ती ही अशी, दोन्ही बाजूंनी. चार वाजले की व्याही येत, खुर्चीत बसत, वाचत. ती "पुढे काय झालं, नाना?" असं विचारी. ते खुलून पुढचं वाचत. मी मधे बसून दोघांच्याही चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघे. ह्याने माझा रक्तदाब वाढला हे डॉक्टरांनी नंतर सांगितलंच. पण व्याह्यांकडचाही साठा आता संपत आला होता. एक दिवस त्यांनी केळ्याचं शास्त्र पुन्हा काढलं, तेव्हा मला ते फारच केविलवाणं वाटलं. मग काय करता? मी चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणीही न सांगता, जगातली नवलं शोधायला बसलो. दोन तास खपून मला एक मिळालं. समुद्री कासवीण कितीही लांब गेली तरी अंडी घालायला आपल्या जन्मकिनाऱ्यावर परत येते. मी मोठ्या उमेदीने ते व्याह्यांना पाठवलं, उद्या वाचून दाखवा म्हणून. लगेच उत्तर आलं, "जुनं हाय."

प्राजक्ताला कळा सुरू झाल्या त्या ऐन दुपारी. ठिपका अजून आला नव्हता. आम्ही तिला दवाखान्यात नेलं, तिथून मी व्याह्यांना फोन केला आणि रिक्षा मिऱ्याहून येते की उडून येते असं वाटावं इतक्या लवकर ते आले. तिला आत घेतलं. बायको आत गेली. बाहेर बाकावर आम्ही दोघे. ते काही बोलेनात. फोन हातात होता पण पालथा. ही शांतता मला त्यांच्या आवाजापेक्षा जड वाटायला लागली. मीच म्हटलं, "व्याही, काहीतरी सांगा की." त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आमचा बाबू झाला तेव्हा मी बोटीवर होतो. मुलगा झाल्याचं कळलं तेव्हा दोन बंदरं मागे पडलीवती. मी ज्या दिवशी बोटीवर साखर वाटली ना व्याही, त्या दिवशी तो इथे घरात पालथा पडायला लागलावता. बाप झालो तेव्हा मी कुठे होतो, काय करत होतो, अजून मला सांगता येत नाय. ह्याचं तरी तसं होऊ नये." मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दिवे लागता लागता मुलगी झाली. नर्सने कपड्यात गुंडाळून आणली आणि व्याह्यांनी फोटो काढला, हात हलल्यामुळे पुन्हा काढला, आणि मुलाला पाठवला. एकच टिक. म्हणजे इथून निघालं, तिकडे पोचलं नाही. बायकोने ताबडतोब आपल्या बहिणींना फोटो पाठवायला घेतला, तर व्याह्यांनी हात जोडले. "विहीणबाई, नका. आधी बापाला पोचू दे." झालं! ज्या माणसाने आम्हाला चिमट्यांपासून बेडकांपर्यंत सगळं पाठवलं, त्याने जगाला हवा असलेला हा एकच फोटो अडवून धरला. माझ्या दोन मेहुण्या फोनवर फोन करतायत, मुंबईचे, चिपळूणचे नातेवाईक रुसतायत, नाक कुणासारखं आहे एवढं तरी सांगा म्हणतायत आणि आम्ही सगळे कैद्यांसारखे गप्प. बायको चिडली, मी चिडलो, शेवटी प्राजक्तानेच खाटेवरून सांगितलं, "राहू दे. आधी त्यालाच." मग कुणाचं काही चाललं नाही. व्याही बाकावरून हलले नाहीत. रात्री घरी चला म्हटलं तर नको म्हणाले. सकाळी मी चहा घेऊन गेलो तर फोन मांडीवर, चार्जरची वायर भिंतीपर्यंत ताणलेली आणि पडद्यावर ती एकच टिक.

दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन तिथे पोचलो आणि त्याचं झाकण उघडत होतो. व्याह्यांनी एकदम माझं मनगट धरलं. फोन माझ्यापुढे धरला. माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, मला नुसता पांढरा-निळा उजेड दिसला. पण त्यांचं तोंड मला दिसत होतं.

"पोचलं," ते म्हणाले. मग पुन्हा बघून, "बघितलान. दोन्ही टिका निळ्या झाल्या." त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने चेहरा पुसला, तो पुरता पुसला गेला नाही, परत पुसला. "मला कळायला दोन बंदरं गेली, व्याही. ह्याला एक रात्र." मग आत प्राजक्ताच्या खोलीकडे बोट दाखवत, "जा, तिला सांगा. आणि पाठवा आता सगळ्यांना. कुणाकुणाला पाठवायचंय त्यांना."

मी आत जाऊन सांगून आलो तेव्हा ते जिन्याजवळच्या खिडकीशी उभे होते. त्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी आणि दोन माडांचे शेंडे तेवढे दिसतात. तरी ते तिकडेच बघत होते. डबा तसाच उघडा ठेवून मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.